सासूबाईंचा दूध-पहारेकरी

सूनबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि घरी सासूबाई विज्ञान करायच्या. या दोन गोष्टींत किती अंतर असतं, हे त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताकडे नुसती मान वर करून पाहिलं तरी कळायचं.

सासूबाईंची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तारा जोडायची हाताला इतकी सवय, की निवृत्तीनंतर घरातली एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नाही. त्यांनी लसूण सोलायचं यंत्र केलं. त्याने लसूण सोललाही, पण सोललेली प्रत्येक पाकळी वर भिरकावली. त्यातली एक अजून पंख्याच्या वाटीत अडकून आहे. मग कपडे वाळवायचा फिरता दांडा केला. त्याने सासऱ्यांची चड्डी थेट समोरच्या बाल्कनीत पोचवली. समोरच्या बाई भल्या, त्यांनी ती इस्त्री करून परत पाठवली, आणि तेव्हापासून सासरे त्या बाजूची खिडकी उघडत नाहीत.

"पण वाळली होती की नाही?" एवढंच सासूबाईंचं म्हणणं.

शेवटी सूनबाईंनी हात जोडले. "आई, यंत्र घेऊन स्वयंपाकघरात यायचं नाही. पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही."

सासूबाईंनी कारखाना पलंगाखाली हलवला.

इकडे शाळेत सूनबाईंच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. त्यांनी जीव ओतून विज्ञान मंडळ काढलं होतं, पण त्यात मुलीच येईनात. शनिवारपर्यंत मंडळ भरलं नाही तर ती खोली भरतकामाच्या वर्गाला जाणार, असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, आणि भरतकाम त्यांचा जीव की प्राण. सूनबाईंनी खोलीच्या भिंतीवर थोर स्त्री-संशोधकांच्या तसबिरी ओळीने लावल्या आणि प्रत्येकीची कहाणी मुलींना गहिवरून सांगितली. एकीला पदवीच नाकारली, दुसरीला पगार दिला नाही, तिसरी काम करता करता आजारी पडून गेली. मुलींनी डोळे पुसले आणि भरतकामाला नावं दिली.

"बाई, विज्ञान घेतलं की असं होतं ना?" एकीने काळजीने विचारलं.

मग सूनबाईंनी ठरवलं, हसती-बोलती बाई मुलींसमोर आणायची. स्वतः शोधलेला पाण्याचा पंप बनवणाऱ्या एक कारखानदार बाई यायला तयार झाल्या. शुक्रवारी, कार्यक्रमाच्याच दिवशी सकाळी, त्यांचा फोन आला. येता येणार नाही, कारखान्यात पाणी शिरलंय.

सूनबाई डोक्याला हात लावून बसल्या. पलंगाखालून आवाज आला, "मी येते की!"

बुडत्याला काडीचा आधार, सूनबाई हो म्हणाल्या. "पण आई, आपलं नातं तेवढं कुणाला सांगू नका."

सासूबाईंनी पलंगाखालून पिशवी ओढली. मग ती भरता भरता म्हणाल्या, "बरं, मॅडम."

ते 'मॅडम' सूनबाईंना टोचलं. पण उशीर होत होता.

सभागृहात सूनबाईंनी "ज्येष्ठ स्वतंत्र संशोधक" अशी ओळख करून दिली आणि खाली बघत बसून घेतलं. टेबलावर मोठ्या बाईंनी स्वतः मोर आणि वेल भरलेला टेबलक्लॉथ होता. त्यावर सासूबाईंनी छोटी शेगडी, दुधाचं पातेलं आणि आपला नवा शोध मांडला: दूध-पहारेकरी. दुधावर एक बूच तरंगत होतं, बुचाच्या डोक्यावर तार होती. वर दुसरी तार टांगलेली. दूध वर आलं की बूच वर येणार, तारेला तार लागणार आणि घंटा वाजणार.

दूध वर आलं. बूच वर आलं. तारेला तार लागली. घंटा ढिम्म.

दूध मात्र शिस्तीत पातेल्याबाहेर पडलं आणि मोठ्या बाईंच्या मोरावरून, वेलीवरून, पार झालरीपर्यंत गेलं. धरणीने पोटात घ्यावं असं सूनबाईंना झालं.

सासूबाईंनी शेगडी बंद केली, वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई! वाजलीच नाही! घरी तर वाजत होती. का गं मुलींनो, का नसेल वाजली?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही, असा प्रश्न त्यांना शाळेत कधी कुणी विचारलाच नव्हता.

मागच्या बाकावर एक मुलगी होती. सतत बाहेर बघते म्हणून तिला सगळ्या 'खिडकी' म्हणत. वर्गात तिने तोंड उघडलेलं कुणाला आठवत नव्हतं. ती उठली, पुढे आली आणि नाक तारेजवळ नेऊन म्हणाली, "आजी, तारेला साय लागलीय."

"मग पूस की! बघत काय बसलीस?"

खिडकीने तार पुसली. शिपाईमामांनी शिक्षकांच्या चहाचं दूध कुरकुरत आणून दिलं. या वेळी दूध गार असतानाच घंटा कोकलायला लागली.

"तारा फार जवळ आल्या!" दुसरी ओरडली. तिसरी म्हणाली, "बूच कापा!" चौथीने कात्री भरतकामाच्या पेटीतून पळवली. टेबलाभोवती इतकी झुंबड उडाली, की सूनबाईंना आपल्याच सासूबाई दिसेनात.

शिपाईमामा उरलंसुरलं दूध घेऊन आले. दूध चढलं, अगदी काठाशी आलं आणि घंटा खणखणीत वाजली. मुलींनी टाळ्या पिटल्या, सासूबाईंनी खिडकीला कडेवर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं, सूनबाई बाकावर चढून ओरडल्या, आणि या सगळ्या गडबडीत शेगडी बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

मोरावर दुसरा अभिषेक झाला.

"म्हणजे घंटा नकोच," खिडकी गंभीरपणे म्हणाली. "शेगडीच बंद करणारं काहीतरी पाहिजे."

"कसं करायचं?" एकीने सासूबाईंना विचारलं.

"ते मला काय माहीत?" सासूबाई म्हणाल्या. "उद्या मंडळात या, बघू."

उद्या किती जणी येणार म्हणून सूनबाईंनी विचारलं, तर इतके हात वर आले की भरतकामवाल्याही त्यात होत्या. मोठ्या बाईंनी त्या हातांकडे पाहिलं, मग झालरीवरून टपटपणाऱ्या दुधाकडे पाहिलं.

"भरतकामाला मी दुसरी खोली बघते," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "पण या बाई कोण? कुठल्या संस्थेच्या?"

सासूबाई लगबगीने पुढे झाल्या. "मॅडम मला ओळखत नाहीत हो! मीच आपली पिशवी घेऊन आले. त्यांचा काही दोष नाही."

सूनबाई सासूबाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आपली लाज झाकायला ही बाई भर सभेत आगंतुक व्हायला तयार झाली होती.

"या माझ्या सासूबाई," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आमच्याच घरी असतात. रोज काहीतरी बिघडवतात."

"आणि दुरुस्त?" खिडकीने विचारलं.

"तेही जमतं कधीकधी."

पिशवी हातात घेऊन दोघी घरी निघाल्या. दोघींच्या अंगाला करपलेल्या दुधाचा वास येत होता. शाळेच्या फाटकाशी आल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "मग आता स्वयंपाकघरात आलं तर चालेल?"

"चालेल. आई, तो लसूण वरच का उडतो हो?"

सासूबाई रस्त्यातच थांबल्या. इतक्या वर्षांत सुनेने त्यांना यंत्राबद्दल पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.

"काय की गं!" त्या म्हणाल्या. "चल लवकर, बघू या."