माझ्या नावावर मिटवलेलं

मी चिडकी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑफिसात मात्र मला शांत समजायचे. तो गैरसमज गेल्या वर्षी एका दुपारी मी स्वतःच दूर केला. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही आणि हे लिहिताना राग गेलेलाही नाही.

ज्याच्यावर राग आहे तो माझा टीम लीड होता, पुण्याहून बदली होऊन आलेला. समोर मी त्याला अहो-जाहो करायची. इथे करणार नाही.

आमचं घर सिकंदराबादचं. आजोबा उदगीरकडची शेती भावांवर सोडून रेल्वेत लागले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर तेलुगू नि दख्खनी, ऑफिसात इंग्रजी, अशी आमची वाटणी. ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण मराठी बोलायला माणूस नव्हता. हा आला आणि पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये म्हणाला, "अगं, तू मराठी? मग आपण इंग्रजी कशाला झाडतोय?" माझ्या तोंडून "नक्को" निघालं की हसायचा. "ही तुमची निजामाची मराठी," म्हणायचा. तेव्हाच राग यायला हवा होता. पण भुकेल्याला शिळं-ताजं कळत नाही, तसं मला ते चिडवणंही गोड लागायचं.

आईला सांगितलं तर तिला लगेच त्याच्या पोटाची काळजी. "भाकर मिळत नसल बिचाऱ्याला इथं. आपला माणूस हाय." मग दर सोमवारी माझ्या पिशवीत एक चपटा स्टीलचा डबा जायला लागला. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. तो चाटूनपुसून खायचा आणि डबा रिकामा परत द्यायचा. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आई त्याचीच बाजू घ्यायची. म्हणायची, एकटा राहतो, त्याला कुठलं सुचतंय.

आता कामाचं सांगते, कारण सगळं त्यातच घडलं. आम्ही लिहिलेला कोड ज्या कपाटांत राहतो त्यांना रेपो म्हणतात. ही कपाटं आमच्याकडे नसतात, इंटरनेटवर एका तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर असतात. वेबसाइटवर जाऊन एकेक उघडत बसायला वेळ कुणाला आहे? आम्ही काळ्या खिडकीत कमांड टाइप करतो. एका ओळीत रेपोंची यादी येते, एका ओळीत नवा रेपो तयार होतो आणि एका ओळीत असलेला मिटतो. कमांड कोण देतंय हे सर्व्हरला टोकनवरून कळतं. टोकन म्हणजे अक्षरांची एक लांबलचक किल्ली. ती ज्याच्या हातात, तो सर्व्हरच्या लेखी मी.

टीममध्ये सगळ्यांत जुनी मी, म्हणून रेपो मिटवायचा अधिकार फक्त माझ्या टोकनाला होता. त्याच्याकडे तो नव्हता. हवा असता तर बंगळूरच्या सुरक्षा विभागाकडे अर्ज करावा लागला असता आणि त्याला आठवडा गेला असता.

एका मंगळवारी त्यानं मला जागेवर बोलावलं. वरून साफसफाईचा हुकूम आला होता. जुने, पडून असलेले रेपो किती ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तो म्हणाला, "अगं, माझ्या टोकनानं अर्धी यादीच दिसत नाही. तुझं टाक ना जरा. फक्त यादी काढायचीय. आपल्यात काय परकेपणा?"

हेच तो इंग्रजीत म्हणाला असता तर मी नाही म्हटलं असतं. नियम मला पाठ होता आणि टीममधल्या दोघांना मी तो आधी ऐकवलाही होता. पण "आपल्यात" म्हटल्यावर माझी अक्कल चरायला गेली. त्याच्या खुर्चीवर वाकून मी माझं टोकन त्याच्या काळ्या खिडकीत स्वतःच्या हातानं टाकलं आणि ते तिथे तसंच राहू दिलं. चिठ्ठी नाही, मेसेज नाही, साक्षीदार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बुधवारी आईचे डोळे तपासायला नारायणगुड्याला जायचं होतं. अर्ध्या दिवसाची रजा त्यानंच मंजूर केली. "आईंना नमस्कार सांग," असंही म्हणाला.

गुरुवारी सकाळी बिल्ड पडलं. म्हणजे रोज सकाळी सगळ्या रेपोंतला कोड एकत्र करून आमचं सॉफ्टवेअर नव्यानं बांधलं जातं, ते बांधलंच जाईना. जो रेपो उघडावा तो सापडत नव्हता. सर्व्हरवरची नोंद काढली तर ओळीमागून ओळ. बुधवारी दुपारी अमुक रेपो मिटवला, तमुक रेपो मिटवला, आणि प्रत्येक ओळीपुढे माझं नाव. पंधरा मिनिटांत बंगळूरहून मेल आला की दुपारी चौकशीची मीटिंग आहे आणि तोवर तुमचे सगळे अधिकार बंद. नोकरी जाणार हे तर दिसतच होतं. पण त्याहून भीती ही, की या शहरातल्या प्रत्येक कंपनीत कुणी ना कुणी ओळखीचं आहे, आणि जिथे जाईन तिथे मी ती सगळं मिटवणारी बाई असणार होते.

तो चहाचे दोन कप घेऊन माझ्या जागेशी आला आणि मराठीत, खालच्या आवाजात सगळं सांगून मोकळा झाला. यादी काढली, फार लांब निघाली. म्हणून वर्षभरात ज्यांत कुणी नवं काही घातलं नाही ते सगळे एका फटक्यात मिटवले. वास्तविक ती कमांड मिटवण्याआधी रेपोचं पूर्ण नाव टाइप करायला लावते, की माणसानं एकदा विचार करावा. तो प्रश्न बंद करायचीही सोय आहे. यानं ती वापरली.

"वर्षभर हात लावला नाही म्हणजे पडून आहेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हणाले. "नीट चालतात म्हणून हात लावावा लागत नाही!"

"हळू बोल. मी बघतो ना. आपल्यातलं आपल्यात राहू दे."

मी गप्प बसले. मला खरंच वाटलं की मीटिंगमध्ये तो स्वतःच सांगेल. माझ्या या मूर्खपणाचा राग त्याच्यावरच्या रागाइतकाच आहे.

मीटिंगला आम्ही तिघं एका खोलीत होतो. तो, मी आणि माझ्या बाजूला बसणारी सहकारी. ती नलगोंड्याची तेलुगू बाई, माझ्याशी हैदराबादी हिंदी बोलते. पडद्यावर बंगळूरची अधिकारी. तिनं सुरुवातीलाच सांगितलं की मीटिंग रेकॉर्ड होते आहे. मग मला विचारलं, "टोकन तुमचं आहे?"

"हो."

"मिटवलं तुम्ही?"

"नाही. मी त्या वेळी डॉक्टरकडे होते."

"टोकन कुठूनही चालतं. ते कुणाला दिलं होतं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. आता बोलेल, मग बोलेल. तो टेबलावरच्या बाटलीचं झाकण लावत होता, काढत होता. करून सवरून नामानिराळा! शेवटी तो बोलला. माझ्याकडे न बघता, मराठीत, जणू कामाचंच काही विचारतोय अशा सुरात. "तू म्हण, चुकून झालं. बाई म्हणून फार ताणणार नाहीत. मी नंतर सांभाळून घेतो."

हीच ती भाषा, जिच्यासाठी मी याला डबे आणले. या खोलीत ती फक्त दोघांना कळते, याचाच त्यानं हिशेब केला होता.

मी माइक जवळ ओढला आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्या टीम लीडनी आत्ता मला मराठीत काय सांगितलं त्याचा अर्थ असा." आणि तीनही वाक्यांचा अर्थ सावकाश, एकही शब्द न गाळता सांगितला. बाई म्हणून ताणणार नाहीत, हेसुद्धा. मग म्हणाले, "टोकन मी यांना दिलं. तो माझा गुन्हा, मला मान्य आहे. रेपो यांनी मिटवले. रेकॉर्डिंग आहे. मराठी येणाऱ्या कुणालाही ऐकवा."

बाजूची सहकारी पुटपुटली, "छी, एम मनिषि," म्हणजे कसला हा माणूस.

अधिकारी बाईनं त्याला विचारलं, "खरं आहे का?" त्यानं आधी गैरसमज म्हटलं, मग घाई म्हटलं, मग कबूल केलं.

मिटवलेले रेपो काही दिवस वेबसाइटवरून परत आणता येतात. मिटवायला एक ओळ पुरली होती, आणायला मात्र एकेक पान उघडून बटण दाबावं लागलं. माझे अधिकार बंदच होते, म्हणून बंगळूरनं तेवढ्यापुरते अधिकार दिलेली सहकारी दाबत होती आणि मी नावं सांगत होते. एक रेपो काही केल्या येईना. नेमका सगळ्यांत जुना, मी नोकरीला लागल्यावर लिहिलेला पहिला. ती म्हणाली, "तू परेशान नक्को हो. मेरे लॅपटॉप में पूरा है." तिनं नवा रेपो तयार केला आणि तिच्याकडची प्रत पहिल्या ओळीपासून परत चढवली. प्रत्येक बदलापुढे माझं नाव होतं, आणि या वेळी ते बघून बरं वाटलं.

मला लेखी ताकीद मिळाली. टोकन दिलं होतं, तेव्हा ती मिळायलाच हवी होती. त्याला दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या कामाला हलवलं. तो सामान आवरत होता तेव्हा मी डबा मागायला गेले. सोमवारचा डबा त्याच्याकडेच होता.

डबा हातात देत तो म्हणाला, "आपल्या माणसाला असं चारचौघांत उघडं पाडतात का?"

"मला एकटीला पुढे करताना मी कोण होते?" मी विचारलं आणि निघाले. ऑफिसात मी बोललेलं ते शेवटचं मराठी.

घरी आईला सगळं सांगितलं. मग तिनं डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. रिकामा. स्वच्छ होता तरी तिनं तो राखेनं घासला, धुतला, पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

"ती बाजूला बसते ती, काय खाती?" तिनं विचारलं. "भाकर चालल का तिला? आधी विचारून ये. आपला माणूस हाय."

या सगळ्यात मी नुसती चिडलेली होते, डोळ्यांतून पाण्याचा थेंब काढला नव्हता. तिथे मात्र मला रडू आलं.