काड्यांमधलं नाव

लोहाऱ्याच्या एसटी स्टँडसमोर मिनाजचं लेबल छापायचं दुकान आहे. गावात बारकोडला कुणी बारकोड म्हणत नाही, ‘काड्या’ म्हणतात. मिनाजला ते खपत नाही. “काड्या आगपेटीत असत्यात,” असं ठणकावून ती गिऱ्हाइकाला समोर बसवते आणि शिकवणी सुरू करते. मोठ्या दुकानांत माल ठेवायचा तर तेरा आकडी ईएएन लागतो आणि तो नंबर रीतसर नोंदवून घ्यावा लागतो. कोड १२८ हा दुसरा प्रकार आपल्या घरच्या कामापुरता, पण त्यात इंग्रजी अक्षरंही मावतात. आजूबाजूला कोरी जागा सोडली नाही तर मशीन ढिम्म वाचत नाही. शिकवण्याच्या भरात तिच्याही तोंडी काड्याच येतात, ते सोडा.

नमुना घेऊन दुसरीकडे स्वस्तात छापणारे महाभाग तिला भरपूर भेटलेले. म्हणून नमुन्यावर ती खरा नंबर कधीच घालत नाही. कोड १२८ करून त्यात इंग्रजीत ‘नमुना मिनाज’ टाइप करते, खालची अक्षरं लपवते आणि अख्ख्या लेबलावर तिरपं, ठळक ‘नमुना’ छापते.

फक्त शिवकांताच्या लेबलावर तिनं ते तिरपं छापलं नाही. कॉम्प्युटर क्लासपासून अकरा वर्षं जोडलेली मैत्रीण. काळा मसाला करून विकायचं तिच्या डोक्यात होतं. “मसाला माझा, लेबल तुझं, धंदा दोघींचा,” असं ती मिनाजचा हात धरून म्हणाली होती. मिनाजनं हातातली कामं बाजूला सारून नऊ नमुने केले आणि पसंत पडलेल्याची फाईलच तिच्या हवाली केली. पुढं शिवकांता म्हणाली, सासू आजारी पडली, मसाला राहू दे. मिनाजनं सासूसाठी खीर करून पाठवली.

गेल्या आठवड्यात मिनाज तुळजापूरला राजशेखर यांच्या किराणा दुकानात नवं स्कॅनर बसवायला गेली. काम झाल्यावर त्यांनी एक पुडा पुढं केला.

“ताई, हा मसाला लई खपतोय. पण बिलात येतच न्हाय बघा.”

पुड्यावर मिनाजनं काढलेलं ज्वारीचं कणीस होतं. रंग तिचे, अक्षरं तिची. खाली मालकीण म्हणून एकट्या शिवकांताचं नाव. मिनाजनं स्कॅनर धरलं. पीं वाजलं आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं, ‘नमुना मिनाज’.

“हे तर तुमचंच नाव!” राजशेखर म्हणाले.

परक्यानं फसवलं असतं तर मिनाजनं दुकानातच चार शिव्या हासडल्या असत्या. इथं तिनं पुडा नुसता पालथा घालून ठेवला. ती खीर आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. ओट्यावर येऊन तिनं फोन लावला.

“शिवकांता, मसाल्याचं काय केलंस गं?”

“कशाचा मसाला गं बाई. बंदच हाय. तुला सोडून करीन व्हय म्या?”

तिच्या आवाजामागं मिरची कांडणारी मशीन धडधडत होती.

“बरं,” मिनाज म्हणाली. “कधी सुरू केलास तर तेरा आकडी नंबर घे. नमुन्याच्या काड्या बिलात चालत न्हाईत. त्यात माझं नाव असतंय.”

फोन चालूच होता, आणि मिनाज त्या मशीनचा आवाज ऐकत उभी राहिली.