काकवीची काळी बाटली

क्लोव्हर स्टॅन्सबरीला आमच्या डोंगरातल्या गार्बरव्हिल गावात सगळे डॉक्टरीण म्हणायचे. शाळा तिनं शेवटच्या वर्षी सोडलेली, पण गांजाच्या झाडांची खतं विकणाऱ्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिचे केस पांढरे झाले होते. आमच्याकडे पद्धतच पडली होती. परसातल्या झाडाचं पान पिवळं पडलं, की ते तोडायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं आणि क्लोव्हरपुढे नेऊन ठेवायचं. ती कपाळावरचा चष्मा नाकावर आणायची, पान उजेडात धरायची, ‘हं’ म्हणायची आणि मागच्या फळीवरून एक बाटली काढायची. दर वेळी बाटलीच! ‘पाणी जरा कमी घाल’ असं औषध तिनं कुणाला दिल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि बाटल्या तरी केवढ्या! मुळांची वेगळी, वाढीची वेगळी, फुलोऱ्याची वेगळी. कुणावर ड्रॅगन, कुणावर विजा. सगळ्यांत देखणी होती ती काळी बाटली, सोनेरी अक्षरांची. आत असायची काकवी. फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाला काकवी पाजली की फूल गोड आणि वजनदार होतं, असं क्लोव्हर सांगायची आणि लोक ऐकायचे. ती काही लुच्ची नव्हती हो. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास होता, आणि मनापासून विश्वास असलेला माणूस किती खप करून देतो ते तुम्हाला काय सांगू!

तिच्या गिऱ्हाइकांत एक इडा बेटनकोर्ट. क्लोव्हर तिला मावशी म्हणायची. क्लोव्हरचे आईबाप डोंगरात तंबू ठोकून राहिलेले भटके लोक, कधी घरात असायचे, कधी नसायचे. या पोरीला भूक लागली की ती इडाच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, आणि इडा न विचारता पोर्तुगीज गोड पावाचा तुकडा तिच्या हातावर ठेवायची. तीच इडा आता म्हातारी झाली होती, नवरा गेला होता आणि बोटांचे सांधे सुजून गाठाळ झाले होते. मागच्या अंगणात ती सहा झाडं लावायची, फुलं मंद आचेवर तेलात मुरवायची, त्यात मधमाश्यांचं मेण घालून मलम करायची. ते मलम चोळलं की तिची बोटं दिवसभर चालायची. वर्षाचं मलम त्या सहा झाडांवर.

एकदा ती दुकानात आली ती जरा बिचकतच.

“क्लोव्हर, आमचा लिनो म्हणतोय, तो काचघरात टोमॅटोला गोणीतलं खत देतो ना, तेच तू पण घाल म्हणून. चालेल का गं?” लिनो हा तिचा भाऊ, फर्नडेलला त्याच्या गाई आणि काचघरं.

क्लोव्हर मोठ्यांदा हसली. “अगं मावशी, गाईच्या मक्याला घालतात ते तू औषधाला घालणार? उद्या लिनोमामा तुला कडबासुद्धा खायला घालेल!”

दुकानात चारपाच जण होते, सगळे खो खो हसले. इडाचे कान लालबुंद झाले. “बरं बाई, तू सांगशील तसं,” म्हणाली आणि बाटल्या घेऊन गेली.

पुढे गांजा कायदेशीर झाला आणि गंमत बघा, जो चोरून पिकवला तेव्हा सोन्याच्या भावानं जायचा, त्याला उघड्यावर कुणी विचारेना. डोंगरातली निम्मी माणसं गाव सोडून गेली. मालकानं क्लोव्हरचे दिवस कापले. तिच्या स्वतःच्या परसातही झाडं होती आणि आता त्या बाटल्या तिलाच परवडेनात. मग एक दिवस डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल लावून ती पार फॉर्च्युनाला गेली, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. गुरांच्या पेंडीच्या दुकानातून तिनं शेतकऱ्याची तीन खतं विकत घेतली: टोमॅटोचं मिश्रखत, कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम मीठ. गोण्यांवर घोंगडी टाकून घरी आणली. शेतात वापरायचं साधं खत, पण चोरीचा माल आणावा तसं आणलं!

आणि झाडं? झाडं झकास आली. तशीच हिरवी, तशीच घमघमणारी. अंगणात उभं राहून क्लोव्हर त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण लोकांना काय विकलं? मावशीला चारचौघांदेखत हसलो?

मग तेव्हाच सांगून टाकायचं ना! पण नाही. नोकरी होती, आणि त्याहून मोठी ती डॉक्टरीण होती. तिनं खतं थोड्या पाण्यात दाट कालवली आणि रिकाम्या बाटल्यांत भरून फळीवर मांडली, घरी आलेल्याला दिसायला. मिश्रखत गेलं फुलोऱ्याच्या बाटलीत. कॅल्शियम नायट्रेट गेलं त्या काळ्या काकवीच्या बाटलीत, कारण आणखी रिकामी तीच होती आणि तीच दिसायला चांगली होती.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ही दोन खतं अशी दाट असताना एकमेकांत ओतायची नसतात. आधी झारीभर पाण्यात एक, ते ढवळलं की मग दुसरं. नाहीतर दूध फाटावं तसं ते फाटतं, पांढरा चोथा खाली बसतो आणि झाडाला हवं ते मिळत नाही. आणि काळ्या बाटलीतलं चमच्याऐवजी कपभर पडलं, तर झाड करपतंच. क्लोव्हरला हे पाठ होतं. खऱ्या काकवीला मात्र तसला काही नियम नाही. आमच्याकडच्या सगळ्या बायका फुलोऱ्याची बाटली आणि काकवी एकाच कपात मिसळतात आणि कप झारीत ओततात. तसं करायला त्यांना शिकवलं कुणी? क्लोव्हरनंच.

ऑगस्टमधल्या एका रविवारी इडाचा फोन आला. “पोरी, बाटल्या संपल्यात बघ. गाडी बंद पडलीय आणि झाडं ऐन फुलोऱ्यात आलीत. काय करू?”

दुकान बंद होतं. क्लोव्हर तशीही मावशीला सूप द्यायला जाणारच होती. तिनं फळीवरच्या त्या दोन बाटल्या उचलल्या. माझ्या झाडांना चाललं ते खत तर हेच, असा तिनं मनाशी विचार केला. इडाच्या दारात बाटल्या देताना ‘हे दोन्ही एकत्र करू नकोस, आणि काळ्यातलं फक्त चमचाभर घाल’ एवढं एक वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलायचं तर बाटलीत काय आहे तेही बोलावं लागलं असतं. ती बोलली नाही. सूप ठेवलं, गालाचा मुका घेतला आणि निघून आली. उद्या फोनवर काहीतरी सबब काढून सांगू, असं मनाशी म्हणाली. उद्या राहून गेलं. परवा तिला वाटलं, एव्हाना घालून झालं असेल.

सप्टेंबरात इडा दुकानात आली. हातात पिशवी, पिशवीत पान. पान पिवळं नव्हतं, कडेनं करपून पापडासारखं कुरकुरीत झालं होतं. क्लोव्हरनं चष्मा खाली घेतला मात्र, तिला सगळं कळलं. कपभर! मावशीनं काकवी समजून दर वेळी कपभर ओतलं होतं.

“सगळीच गेली का गं?” तिनं विचारलं.

“सहाच्या सहा,” इडा म्हणाली. “काकवी या वेळी जरा पातळ लागली. कपात पांढरं पांढरं पण झालं काहीतरी. म्हटलं, नवीन प्रकार असेल.” मग ती क्लोव्हरच्या तोंडाकडे बघत थांबली. “का माझ्याच हातून जास्त पडलं? हात थरथरतात ना आता माझे.”

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एक म्हणाला, “डॉक्टरीणबाई, म्हातारीला मापाचा कप द्या आधी, बादलीनं ओतत असेल!”

तो हसला. आणि क्लोव्हर, जिनं त्या बाईच्या हातचा पाव खाऊन बाळसं धरलं ती क्लोव्हर, काय म्हणाली?

“हो मावशी, जास्तच पडलंय तुझ्या हातून. पुढच्या वर्षी जपून घाल. ही एक काकवी घेऊन जा, राहिलीच एखादी फांदी तर तिला दे.”

इडानं बाटली घेतली. आभारसुद्धा मानले. दाराशी तिला मूठ फिरवता येईना, तेव्हा त्या हसणाऱ्यानंच दार उघडून दिलं. क्लोव्हर काउंटरमागे खाली वाकली, खोक्यात काहीतरी शोधल्यासारखं करत, आणि बराच वेळ वर आली नाही.

नोव्हेंबरात आग विझवणाऱ्यांच्या हॉलमध्ये गावाचा पॅनकेकचा नाश्ता असतो. तव्यापुढे दर वर्षी इडाच उभी असायची. या वर्षी ती बाकावर बसली होती, दोन्ही हात बाह्यांत घालून. तिच्या ताटलीतला पॅनकेक शेजारणीनं कापून दिला होता.

“मलम नाही का केलंस या वर्षी?” कुणीतरी विचारलं.

“झाडं माझ्या चुकीनं गेली,” इडा म्हणाली. “खत जास्त घातलं मी. क्लोव्हर बिचारी रविवारची धावत आली होती बाटल्या घेऊन. कोण करतं एवढं?”

क्लोव्हर दोन टेबलं पलीकडे होती. तोंडात घास तसाच राहिला. जमीन दुभंगेल तर बरं, असं तिला झालं. पण हॉलची फरशी सिमेंटची, ती कसली दुभंगतेय! ताटली तशीच टाकून ती बाहेर पडली. घरी गेली, गोण्या गाडीत टाकल्या, स्वतःच्या झाडांपासून केलेल्या मलमाची बरणी घेतली आणि इडा घरी पोचायच्या आधी तिच्या पायरीवर जाऊन बसली. गोण्या शेजारी, उघड्या, घोंगडी नाही.

इडा आली. क्लोव्हर उभीसुद्धा राहिली नाही, बसल्या बसल्याच बोलत सुटली. फॉर्च्युना, टोपी, फळी, काळी बाटली, ते न बोललेलं वाक्य, सगळं. “मी मारली तुझी झाडं, मावशी. आणि वर तुलाच दोष दिला.”

इडा तिच्या शेजारी हळूच टेकली. “माहीत आहे मला,” म्हणाली.

“माहीत आहे?”

“लिनोनं कपातला चोथा बघितला. त्याच्या काचघराच्या नळ्या एकदा याच चोथ्यानं तुंबल्या होत्या. बघितल्या बघितल्या म्हणाला, हे गोणीतलं खत आहे, दोन्ही एकत्र कालवलंत.”

“कधी?”

“तुझ्या दुकानात पान घेऊन आले, त्याच्या आदल्या दिवशी.”

क्लोव्हरनं शेजारच्या गोणीचं तोंड मुठीत आवळलं.

“मी म्हटलं, आपणहून सांगेल पोरगी,” इडा म्हणाली. “लोकांसमोर जड जाईल, म्हणून माझे हात थरथरतात असंही म्हटलं मी. म्हटलं, मग तरी म्हणेल, नाही मावशी, तुझे हात नव्हेत.” आवाजात राग नव्हता. राग असता तर क्लोव्हरला सोसला असता.

क्लोव्हरनं मलमाची बरणी तिच्या मांडीवर ठेवली. इडानं ती बाजूला सारली नाही. ती आत गेली आणि एक काळी बाटली छातीशी धरून बाहेर आली. सप्टेंबरात विकलेली. सील जसंच्या तसं.

“परत घेऊन जा ही. एका झाडाला एक फांदी उरली होती खरंच,” ती म्हणाली. “लिनो म्हणाला, फेकून दे. पण मला वाटलं, सगळं खोटं नसेल, क्लोव्हर म्हणतेय म्हणजे असेल काहीतरी त्यात. म्हणून बसले उघडायला. सकाळभर बसले. झाकणच फिरेना माझ्याच्यानं.”

क्लोव्हरनं बाटली हातात घेतली. झाकण दाबलं, जरासं वळवलं. एका झटक्यात उघडलं ते.