ब्रेकबाईंची नवी गाडी

शोरूममध्ये शिरताच नवऱ्याने खिशातून टेप काढली, छोट्या एसयूव्हीचं डाव्या बाजूचं दार उघडलं आणि जमिनीपासून सीटची उंची मोजली.

"बासष्ट. आपला पलंग साठ. जमेल तुला."

बाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या. जमेल तर जमेल.

बावीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक. त्यावर पाय इतका तयार, की पोरी पाठीमागे त्यांना ब्रेकबाई म्हणत. आठशेच्या वर माणसं शिकून गेली. नवरा तेवढा कच्चा राहिला. लांबच्या प्रवासात स्टिअरिंग बाईंकडे, पाण्याची बाटली नवऱ्याकडे.

चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. डावा पाय काठीपुरता सावरला. डावा हात मात्र ठेवाल तिथेच पडून राही. तेव्हापासून बाईंना कशाचं काही वाटेनासं झालं. स्कूल भाचीच्या हवाली करताना शेजारणीला पेपर द्यावा तशी त्यांनी गाडीची किल्ली देऊन टाकली.

आता रोज व्यायामाला दवाखान्यात न्यायचं, महिन्यातून दोनदा चारशे किलोमीटरवर लेकीकडे. तीन गाड्यांचा तक्ता मांडून नवऱ्याने ही डिझेल निवडली होती.

"काकूंना मागे बसवा, काका. पाय पसरून झोपून जातील," सेल्समन म्हणाला.

"काकू पुढे बसतात," नवरा म्हणाला.

चाचणीसाठी गाडी बाहेर काढली. नवरा चालवायला, बाई शेजारी, सेल्समन मागे. चौकातलं वळण आलं, तरी नवरा तिसऱ्या गिअरमध्येच. बाईंचा उजवा पाय आपसूक खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. नुसता मऊ गालिचा. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी नसल्याचं जाणवलं.

परत आल्यावर सेल्समनने फॉर्म पुढे केला. "पांढरी, मॅन्युअल. तयार उभी आहे. परवा घेऊन जा."

नवऱ्याने पेन उघडलं.

"ऑटोमॅटिक मिळते का?" बाईंनी विचारलं.

"मिळते, काकू. पण दोन महिने थांबावं लागेल."

"अगं, मला जमतात की गिअर!"

"तुमचं काय जमतं ते आत्ताच पाहिलं. वळणावर तिसरा! स्कूलमध्ये असतात तर नापासच केलं असतं."

सेल्समनने हसू दाबलं.

"बरं, मग माझ्यासाठी ऑटोमॅटिक घेऊ म्हणतेस?"

बाईंनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. "गिअर डाव्या हाताचं काम, क्लच डाव्या पायाचं. ते काढलं, तर एक हात, एक पाय पुरतो."

नवऱ्याने पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर हो म्हणाले नाहीत अजून."

"मी विचारलंच कुठे होतं? आता विचारते."

"आणि दोन महिने लेकीकडे कसं जायचं?"

"बसने."

त्याने 'मॅन्युअल' खोडून वर 'ऑटोमॅटिक' लिहिलं. बाईंना आनंद वगैरे काही झाला नाही. डॉक्टर नाही म्हणाले, तर आयुष्यभर शेजारीच बसायचं होतं.

नवरा उठला. गाडीला वळसा घालून त्याने स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं, खिशातून टेप काढली आणि त्या सीटची उंची मोजायला खाली वाकला.