फिटरमामांकडे परत आलेली गाडी

आमच्या घराच्या तळमजल्यावर अडतीस वर्षं एक गॅरेज होतं. त्याला पाटी होती, पण ती रंगवणाऱ्याखेरीज कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. सगळे म्हणत, "फिटरमामांकडे टाका." माझे यजमान त्यांना भाडेकरू म्हणून घेऊन आले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, आणि तेव्हाही लोक त्यांना मामाच म्हणत. काही माणसं जन्मतःच कुणाची तरी मामा असतात.

बुटके, रुंद पंजांचे, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या गाडीकडे बघणारे. माझे यजमान गेले त्या आठवड्यात मामा भेटायला वर आले. अर्धा तास गप्प बसले आणि उठताना म्हणाले, "वहिनी, तुमच्या पंख्याचं बेअरिंग वाजतंय." दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ते बदललं. सांत्वनाची त्यांची रीत तेवढीच होती आणि मला ती पुरली.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. गाडीतून तेल गळत असलं की ते बॅटरीच्या उजेडात शोधत बसत नसत. गाडीखाली आडवे होत, डोळे मिटत आणि हात वर घालत. "तेल वरून खाली येतं," ते मला एकदा समजावत होते. "आपण खालून वर जायचं. बोट ओल्यावरून कोरड्याकडे न्यायचं. ओल जिथे संपते तिथे दुखणं." ताजं तेल, जुनं तेल, तेलात मिसळलेली धूळ, सगळं त्यांना बोटांनी कळे. समोरचा टायरवाला म्हणायचा, "मामांना चष्मा लागला तर तो बोटांना लावावा लागेल."

आणि एक नियम होता. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या म्हाताऱ्या उस्तादांच्या गाड्या शेवटी शेवटी परत येऊ लागल्या होत्या. लोक तोंडावर मान देत आणि पाठ फिरली की हसत. मामांनी ते पाहिलं होतं. आपल्या हातची गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, की त्या दिवशी पाने कायमचे खाली ठेवायचे, असं त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मामींना सांगून टाकलं होतं. अडतीस वर्षांत एकही गाडी तशी परत आली नव्हती.

मामींना मात्र गेली पाच-सहा वर्षं त्यांनी थांबावं असं वाटे. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार, त्यामुळे त्यांचा संवाद मला जिन्यातून रोज ऐकू येई, आणि रात्री मी तो माझ्या वहीत लिहून ठेवी.

"बसा आता घरी."

"घरी बसून काय करू?"

"माझ्यावर ओरडा. दुसरं काय येतं तुम्हाला?"

"ते इथूनही जमतं."

पण मामा दमले होते, हे दिसत होतं. चाक उतरवून झालं की पायरीवर बसत. शर्टाचं वरचं बटण उघडंच असे. मामी एकदा म्हणाल्या, "लावायचा कंटाळा करतात," आणि मी ते खरं मानलं.

त्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला दवाखान्याची सिस्टर गाडी घेऊन आली. चाळिशीची बाई, बोलायला फटकळ. डोंगरावरच्या वस्त्यांवर औषधं पोहोचवायची आणि तिथली आजारी माणसं खाली आणायची हे तिचं काम. गाडीही स्वतःच चालवायची. गाडी म्हणजे उंच, बोजड, चारही चाकांना जोर असलेली, दगडधोंड्यांतून जाणारी. बाजूच्या पत्र्यावर इतके ओरखडे की मूळ रंग विचारून घ्यावा लागे.

"मामा, स्टिअरिंग कण्हतंय."

"कण्हतंय की ओरडतंय?"

"वळवताना कण्हतं. पूर्ण वळवलं की ओरडतं."

"तुमच्या पेशंटसारखं सांगताय."

"पेशंट खोटं बोलतात. ही नाही बोलत."

गाडीखाली ताटाएवढं लाल तेल साचलं होतं. त्या गाडीचं स्टिअरिंग हलकं ठेवायला एक पंप असतो. तो तेल दाबून स्टिअरिंगला पोहोचवतो, आणि ते तेल रबरी पाइपने वरच्या डब्यात परत येतं. तेल कमी झालं की पंप कण्हतो आणि स्टिअरिंग जड होतं. हे सगळं मला मामांनीच कधीतरी सांगितलेलं.

मामा गाडीखाली गेले. मी बाजाराची पिशवी घेऊन जिन्यात थांबले होते. नेहमीपेक्षा त्यांना जास्त वेळ लागला. बाहेर आले, हात फडक्याला पुसले आणि क्षणभर बोटांकडे बघत राहिले.

"पंप," ते म्हणाले. "नवीन टाकावा लागेल."

"नक्की?" सिस्टरने विचारलं. तिने सहजच विचारलं होतं.

"हात लावलाय ना."

बुधवारी त्यांनी पंप बदलला. पट्टा काढला, पाइप सोडवले, जुना पंप खाली घेतला. त्याच्या दांड्यावरची पुली ओढून काढायची आणि नव्या पंपावर चढवायची, हे त्यातलं नाजूक काम. घाईचे लोक हातोडीने ठोकून बसवतात, आणि नवा पंप आतल्या आत जायबंदी होतो. मामा लांब बोल्ट लावून, पान्याने अर्धा अर्धा फेरा देत पुली आत घेत होते. मध्ये तीनदा पायरीवर बसले. मामी पाणी घेऊन आल्या आणि तांब्या रिकामा होईपर्यंत उभ्या राहिल्या. 

गुरुवारी सिस्टर गाडी घेऊन गेली. शांत, हलकं स्टिअरिंग. एका बोटाने वळवून दाखवलं तिने.

पुढच्या मंगळवारी दुपारी ती परत आली. गाडी दारात आली तेव्हाच तो कण्हण्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत पोहोचला, आणि मी हातातलं काम तसंच ठेवून खाली गेले.

ती उतरली आणि दोन्ही दंड चोळत उभी राहिली. "मामा, वरच्या वळणावर दगड झाला हो स्टिअरिंगचा. मागे आठवा महिना असलेली पोर होती. दोन्ही हातांनी ओढून ओढून वळवली. एकदा तर चाक कडेच्या दगडाला टेकलं."

"पोर बरी आहे?"

"बरी आहे. मीच बरी नाही."

मामांनी तिला बसायला स्टूल दिलं. गाडीखाली पाहिलं. पुन्हा तेच लाल तेल, पुन्हा पंपाच्या खालच्या कडेवरून थेंब. टायरवाला रस्ता ओलांडून आला होता. मामी मागच्या दारात होत्या.  ही गाडी कशासाठी आली आहे ते सगळ्यांना कळलं होतं, आणि परत आलेल्या गाडीचा अर्थ काय हेही.

मामा माझ्याकडे वळले. "वहिनी, अंगाला लावायची पावडर आहे का घरात?"

मी डबा आणून दिला. त्यांनी पंप, पाइप, डबा, सगळं रॉकेलने धुऊन कोरडं पुसलं आणि वरून खालपर्यंत पावडर टाकली. इतकी वर्षं मी त्यांना पाहत आले, पण गळती शोधायला त्यांनी पावडर वापरलेली मी कधी पाहिली नव्हती.

"गाडीला घामोळं आलंय का मामा?" टायरवाला म्हणाला. कुणी हसलं नाही, तेव्हा तो स्वतःच ओशाळला.

सिस्टरने इंजिन चालू केलं आणि सांगितल्याप्रमाणे स्टिअरिंग डावी-उजवीकडे वळवत राहिली. मामा बॅटरी धरून वाकले होते. पहिली काही मिनिटं सगळं पांढरंच होतं. मग पंपाच्या बऱ्याच वर, परतीचा पाइप जिथे डब्याला जोडलेला असतो तिथे, क्लिपच्या मागे, पाइपच्या खालच्या अंगाला एक लाल रेघ उमटली. ती पाइपच्या पाठीवरून सावकाश खाली आली, पंपावर उतरली आणि पंपाच्या कडेवरून टपकली. पंपाच्या दांड्याभोवती पावडर कोरडी होती.

"बंद करा," मामा म्हणाले.

टायरवाल्याने वाकून पाहिलं. "चीर गेलीय पाइपला. मामा, हा नंतर फुटलाय. गाडी आपटत जाते डोंगरावर, त्याला तुम्ही काय करणार?"

"तेच म्हणते मी," सिस्टर म्हणाली. तिचे दंड अजून दुखत होते, तरी ती म्हणाली. "परवाच आपटली होती एका ठिकाणी."

वाट मोकळी होती. मामांनी नुसतं हं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ते बाकाखाली वाकले आणि जुना पंप बाहेर काढला. मागच्या बुधवारी काढून ठेवला होता तो तसाच होता. बाहेरून तेलाने माखलेला. त्यांनी दांड्याभोवतीची झाकणाची तबकडी सोडवली आणि पंप सिस्टरसमोर धरला. तबकडीखाली तेलाचा थेंबही नव्हता. नुसती जुनी, सुकी धूळ.

"हा बरा होता," मामा म्हणाले. "पंप गळत असता तर आधी इथे ओल असती. पाइपच गळत होता. तेव्हाही."

"मग तुम्ही हात लावलात तेव्हा…"

"कळलं नाही. वर्ष झालं, बोटांना कळत नाही. ओलं कोरडं सारखंच लागतं." त्यांनी हात पुढे धरला, जणू तिथे काही दिसणार होतं. "अशा गाडीत बहुतेक पंपच जातो. म्हणून पंप म्हणालो."

मला त्यांचं उघडं बटण आठवलं, आणि स्वतःची लाज वाटली. रोज दिसणारी गोष्ट मी रोज वहीत उतरवत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं.

मग मामी पुढे आल्या. पाच-सहा वर्षं ज्या बाईने घरी बसा म्हणून कानीकपाळी ओरडून जीव काढला होता, ती म्हणाली, "परत कुठे आली? तो पंप होता, हा पाइप आहे. वेगळं काम आहे हे."

"दुखणं तेच आहे."

"तुम्हाला काय कुणी कोर्टात उभं केलंय? वेगळं काम म्हणजे वेगळं काम. विचारा ताईंना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार त्याआधी मामाच म्हणाले, "वहिनींना नको मध्ये घेऊस. त्या लिहून ठेवतात."

"मग? काय करणार आता?"

"बसणार. तूच म्हणत होतीस."

"मी हजार गोष्टी म्हणते. तुम्ही कधी ऐकल्यात?"

"एक ऐकतो." ते पायरीवर बसले. आवाज अगदी खाली आला. "दमलोय गं मी. त्या पोरीला काही झालं असतं म्हणजे? मला बसू दे आता."

मामी पायरीपाशी आल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "आधी ही गाडी नीट करा. अर्धं काम टाकून कुणी बसत नाही."

पाइप टायरवाल्याने सायकलवर जाऊन आणला. मामांनी जुना काढला, नवा बसवला. बारीक क्लिपचा स्क्रू मात्र बोटांतून सुटून तीनदा खाली पडला. चौथ्यांदा मामींनी तो उचलला, भोकात धरला, आणि मामांनी स्क्रू ड्रायव्हरने आवळला. नवं तेल भरलं. आता आत राहिलेली हवा काढायची होती. त्यासाठी पुढची चाकं जॅकवर उचलतात आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत राहतात, हवेचे बुडबुडे वर यायचे थांबेपर्यंत. सिस्टर उठू लागली.

"तुम्ही बसा," मामी म्हणाल्या. "दंड गेलेत तुमचे." आणि त्या स्वतः चालकाच्या जागेवर चढल्या. अडतीस वर्षं गाड्यांच्या मागच्या खोलीत राहिलेली बाई, पण त्या जागेवर पहिल्यांदाच बसत होती. पाय पेडलपर्यंत पोहोचत नव्हते. त्याची गरजही नव्हती.

"डावीकडे," मामा डब्यात बघत म्हणाले. "शेवटपर्यंत. आता उजवीकडे. सावकाश, भाकरी थापत नाहीयेस."

"तुमची भाकरी मीच थापते. नीट बोला."

"डावीकडे."

"अजून किती?"

"येतायत अजून."

मी मोजत होते. बावीस फेऱ्या झाल्या. मामींच्या कपाळावर घाम आला होता. मामांनी डब्याचं झाकण लावलं, पण आधी बॅटरी मामींच्या हातात देऊन त्यांना खाली बोलावलं. "तू बघ. दिसतोय बुडबुडा?"

मामी वाकल्या. "नाही."

"नक्की?"

"माझे डोळे चांगले आहेत."

इंजिन चालू केलं, पावडर पुन्हा टाकली, पंधरा मिनिटं सगळे पांढऱ्या पाइपकडे बघत उभे राहिलो. तो पांढराच राहिला. सिस्टर गेली. जाताना तिने मामांच्या खांद्यावर हात ठेवला. तसा ती आजारी माणसाच्याच खांद्यावर ठेवत असावी. मामांनी पाने पुसून पेटीत ठेवले. रोजच ठेवत तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मामी वर आल्या. इतक्या सकाळी त्या कधी येत नसत.

"ताई, हे अजून झोपलेत. उठवू का?"

"तब्येत बरी आहे ना?"

"घोरतायत. लग्न झाल्यापासून साडेसहाच्या पुढे झोपलेले पाहिले नाहीत मी. काय करायचं असतं अशा वेळी तेच कळत नाही."

"झोपू दे," मी म्हटलं. "बसा तुम्ही."

त्या बसल्या. मी चहा ठेवला. खाली शटर बंद होतं आणि रस्त्यावरून कुणीतरी हाक मारत होतं, "मामा, ओ मामा." मामी अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. हाक आणखी दोनदा आली. मग टायरवाल्याचा आवाज ऐकू आला, "दुसरीकडे बघा, मामा झोपलेत." ती गाडी गेली. मामींनी चहाची बशी हातात घेतली. ती त्यांनी बराच वेळ नुसती धरून ठेवली.