काकवीच्या बाटलीतला मधुमेह

जुन्नरच्या दवाखान्यात वडिलांना मधुमेह ठरला आणि ते धडधाकट असतानाच घरात सुतक आलं. त्या काळी या दुखण्यावर औषध नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गोड बंद, भात बंद. पेढीवर बसून दिवसभर गूळ चाखणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे सरणाची लाकडं आणायला सांगण्यासारखंच.

वडिलांनी हाय खाल्ली. "आमी आता थोड्या दिवसांचे सोबती," असं गिऱ्हाइकांनाही ऐकवू लागले. डोळे मिटायच्या आत माझं लग्न उरकायचं त्यांनी मनावर घेतलं. घोडेगावच्या एका बिजवराला आदल्याच वर्षी त्यांनी "माझी पोरगी काय मला जड झालीय का?" म्हणून परतवलं होतं. आता त्याच्याच घरी निरोप गेला. मला तो मुळीच नको होता. मी बारा वर्षांची, तो पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. पण मरायला टेकलेल्या बापापुढे बोलायचं कसं?

मांडव उभा राहिला आणि डॉक्टर दारात हजर. हातात आमचीच बाटली. शेटजी वाळत नाहीत, पाणी पाणी करत नाहीत, म्हणून त्यांना शंका आली होती.

"हिच्यात लघवी पाठवलीत. आधी काय होतं हिच्यात?"

"काकवी," आई दाराआडून म्हणाली. "आळे गावच्या कुळानं दिल्याली."

"आणि धुतली नाहीत?"

"आता गं बया! मुतायला द्यायची बाटली कोण धुतं?"

आमच्या घरात पाणी गाळून प्यायचे, चुलीत घालायची लाकडंसुद्धा झटकून घ्यायचे. पण घाणेरड्या कामाची वस्तू स्वच्छ करणं म्हणजे आईला कष्ट वाया घालवणं वाटे.

डॉक्टरांनी आमच्या विहिरीचं पाणी त्या बाटलीत खळबळवलं, आपल्या निळ्या औषधात घातलं आणि नळी दिव्यावर धरली. पाणी विटेसारखं लाल झालं.

"घ्या शेटजी, तुमच्या विहिरीलाही मधुमेह!"

मग धुतलेली बाटली देऊन वडिलांना परसात पाठवलं. या खेपेला औषध निळंच राहिलं. वडील मांडवात बसकण मारून लहान मुलासारखे रडले, मीही रडले. इथून पुढे बाटली दवाखान्यातूनच न्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं. दवाखान्याला शहाणपण आलं, पण आमच्या दारी मांडव उभा राहिल्यावर.

डॉक्टर गेल्यावर मी वडिलांना सरळ विचारलं, "मग आता लगीन मोडायचं ना?"

त्यांनी मांडवाकडे हात केला. "आगं, पावणं आलं, पंगतीचं तूप आलं. आता मोडलं तर लोकं काय म्हनतील?"

लग्नात वडिलांनी अशा काही जिलब्या हाणल्या की आचारी बघत राहिला. ते जगले याचा मला खरोखर आनंद होता, आणि त्यांचा इतका राग आला होता की जिलब्यांची परात त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. दोन्ही एकदम दाटून आलं नि मी भर मांडवात हंबरडा फोडला.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. म्हणाल्या, "पोरीचा बापावर लई जीव!"