प्रणालीचं एम.एस्सी. आणि भोईर सर

प्रणाली भोईर सरांच्या केबिनमधून पुस्तक घेऊन हसत बाहेर आली आणि माझा अख्खा दिवस खराब झाला. शेवटचं सेमिस्टर. एम.एस्सी.चे प्रवेश तोंडावर. आणि ही पोरगी सारखी बॉटनीत.

मी शहापूरच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. भोईर सर समोरच्या खोलीत, बॉटनीला. आमच्याकडे काही मुलं बी.एस्सी.ला शेवटपर्यंत दोन्ही विषय घेतात. एम.एस्सी.ला एकच निवडायचा. हुशार पोरं दरवर्षी सरांकडेच जातात, आणि माझा नुसता जळफळाट होतो. सर त्यांना माहुली गडाच्या पायथ्याशी रानभाज्या दाखवायला नेतात, सोबत बसून डबा खातात. माझ्याकडे काय, तर फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या मेलेल्या प्राण्यांच्या बरण्या.

प्रणाली मुरबाडकडची. वडील भात लावतात आणि एका कारखान्यातही जातात. त्यांचं म्हणणं, बी.एड. कर, नोकरी तरी लागेल. तिला एम.एस्सी. करायचं होतं. वडिलांना पटलं नसतं तर विषय तिथेच संपला असता. म्हणून मी बापलेकीला बोलावलं.

"झूऑलॉजीत पुढे एक खास विषय घेता येतो," मी म्हणाले. "मासे, शरीरातल्या ग्रंथी, नाहीतर एन्टोमॉलॉजी, म्हणजे कीटक. लाइफ सायन्सेस घेतलं तर सगळंच थोडं थोडं."

"आनि बॉटनी?" वडिलांनी विचारलं.

"तेही असतं," मी म्हणाले आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"किडे शिकून नोकरी कोन देनार, मॅडम?"

"भातावर खोडकिडा पडला की औषध कुणाला विचारता?"

"दुकानदाराला."

"ते औषध आधी कुणीतरी किड्यावर तपासलेलं असतं. त्या कामाला शिकलेली माणसं लागतात."

ते प्रणालीकडे वळले. मग म्हणाले, "शिक. पन नंतर घरी बसाया नको. तुला काय पायजे गो?"

"एन्टोमॉलॉजी," प्रणाली म्हणाली.

मला आभाळ ठेंगणं झालं. भोईर सरांच्या नाकावर टिच्चून पोरगी माझी. राहवेना, म्हणून विचारलंच, "मग बॉटनी का नको वाटली?"

"सरच बोलले, मॅडम. भाज्यांच्या ट्रिपला बाकीची पोरं पानं बघत होती, मी पानाखालचे किडे. सर बोलले, तू इथे काय करतेस, मॅडमकडे जा. हे किड्यांचं पुस्तकपन त्यांनीच शोधून दिलं."

तीन वर्षं ती माझ्या लॅबमध्ये पहिल्या बाकावर बसली होती. मला काही दिसलं नाही. सरांना एका ट्रिपमध्ये दिसलं.

प्रणालीला प्रवेश मिळाला. आता मुरबाडहून एसटीने कल्याण गाठते आणि पुढे लोकलने कॉलेजला जाते. पेढे घेऊन आली तेव्हा आधी समोरच्या खोलीत गेली. मग माझ्याकडे. डब्यात अर्धेच उरले होते.

यंदा मीही वर्गाला भाताच्या बांधावर नेलं. पोरांना पर्याय सांगायच्या आधी ती बघतात कशाकडे ते बघावं, एवढं मला कळलंय. परतताना दारात सर भेटले. माझ्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे बघून म्हणाले, "छान केलंत, मॅडम." मनापासून म्हणाले. तेच जास्त झोंबलं.